मुंबईत घटस्फोट घ्यायचा तर : पहिल्या कागदापासून डिक्री हातात येईपर्यंत

घटस्फोट घ्यायचं नक्की झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती महिने लागतात?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : "आपल्या दोघांचं काय काय ठरलंय?" दोघं तयार असतील तर कायद्याची वाट आखलेली आहे, फार वळणंही नाहीत. घोडं पेंड खातं ते तीन जागी. घर कुणाचं, मूल कुणाकडे, पैसे किती आणि कधी. या तीन गोष्टी कागदावर नीट उतरल्या असतील तर बांद्र्याच्या कोर्टातल्या तारखा सोप्या जातात. उतरल्या नसतील तर डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, मिळाल्यावरही माणसं पुन्हा त्याच इमारतीत चकरा मारताना दिसतात. म्हणून इथे कलमांपेक्षा या तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी हे बघा : तुम्हाला कुठला कायदा लागतो

हिंदू पद्धतीने लग्न झालं असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५. बौद्ध, जैन आणि शीख जोडपीही याच कायद्यात येतात. रजिस्टर लग्न, म्हणजे विवाह अधिकाऱ्यासमोर नोटीस देऊन केलेलं, असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४. इथे बरेच जण गोंधळतात. आधी हॉलमध्ये विधिवत लग्न करून नंतर वॉर्ड ऑफिसात फक्त नोंदणी केली असेल तर ते 'रजिस्टर लग्न' ठरत नाही, त्याला हिंदू विवाह कायदाच लागतो. दाखल्यावर कायद्याचं नाव छापलेलं असतं, ते वाचा.

ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे, त्यात परस्पर संमतीची वाट २००१ च्या दुरुस्तीने आली. पारशी जोडप्यांची प्रकरणं मुंबई हायकोर्टातल्या पारशी विवाह न्यायालयात चालतात. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने कोर्टातून विवाह रद्द करून घेता येतो. खुला (बायकोने मागितलेला) आणि मुबारत (दोघांच्या संमतीचा) या घटस्फोटाच्या वाटाही आहेत. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्यानुसार निरर्थक आहे आणि गुन्हाही आहे. यापुढचा लेख मुख्यतः हिंदू विवाह कायद्याच्या अंगाने आहे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून, नोटरीचा शिक्का मारून घटस्फोट होत नाही. चार वडीलधारी माणसं बसली, दोन्हीकडच्या सह्या झाल्या, तरी नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि कायदा तिला वावही देतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते दुसरं लग्न अडचणीत येतं.

मारहाण होत असेल तर हा क्रम सोडा

जिवाला धोका असेल तर कागद जमवत बसू नका. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन. मुंबईत पोलिसांच्या बरोबरीने काम करणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत हे काम सुरू केलं. तिथे समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं बसतात, चौकीवरच्या काउंटरपेक्षा तिथे बोलणं सोपं जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहायला जागा आणि खर्च, तिन्ही मागता येतात आणि त्यासाठी घटस्फोटाचा अर्ज आधी करावा लागत नाही.

"फ्लॅट माझ्या आईच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, निघ" हे वाक्य या शहरात किती घरांत म्हटलं जातं देव जाणे. सुप्रीम कोर्टाने २०२० साली सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलं की सुनेने ज्या घरात संसार केला ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी 'सामायिक घर' ठरू शकतं. मालकी तिची होत नाही, पण कायदेशीर वाटेने गेल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

संमतीने की लढून

संमतीच्या घटस्फोटासाठी कलम १३-ब आहे, १९७६ पासूनचं. अटी मोजक्याच. लग्नाला किमान एक वर्ष झालेलं हवं, अर्जाच्या आधी एक वर्ष वा अधिक काळ दोघं विभक्त राहिलेले हवेत, एकत्र राहणं शक्य नाही आणि लग्न संपवायचं हे दोघांना मान्य हवं. कारण सांगावं लागत नाही, कुणाची चूक हेही नाही.

विभक्त म्हणजे वेगळं घरच हवं का? वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. भाडी बघता वेगळी खोली घेणं कुणाला परवडतं! सुरेष्टा देवी खटल्यात, १९९१ साली, सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं आहे की एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं उरलेलं नसेल तर ते विभक्त राहणंच. मात्र विभक्त झाल्याची तारीख खरी लिहा. वर्ष भरावं म्हणून तारीख मागे ओढायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका, शपथेवर लिहायची असते ती.

याच निकालातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा : संमती शेवटच्या तारखेपर्यंत टिकावी लागते. मधे एकाने मागे घेतली की अर्ज पडला.

कुठलं कोर्ट, कुठला वकील

मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, बोलीत 'बांद्रा फॅमिली कोर्ट'. लग्न मुंबईत झालं, दोघं शेवटचे एकत्र मुंबईत राहिले, किंवा समोरची व्यक्ती मुंबईत राहते, यांपैकी एक असेल तर अर्ज इथे करता येतो. अर्ज करणारी बायको असेल तर ती आता जिथे राहते तिथेही करता येतो. सासर डोंबिवलीत आणि माहेर परळला असेल तर तिला परळच्या पत्त्यावर बांद्र्याला अर्ज करता येतो, कल्याणच्या लोकलला लोंबकळत जायची गरज नाही. विरारचे, ठाण्याचे, नवी मुंबईचे लोक मात्र राहतो तो भाग 'मुंबईच' समजून थेट बांद्र्याला येतात. त्यांचे जिल्हे वेगळे, कोर्टंही वेगळी.

कौटुंबिक न्यायालयात वकील असलाच पाहिजे असं नाही. कायद्याने तिथे वकील हा हक्कच नाही, कोर्टाची परवानगी लागते. व्यवहारात ती मिळते. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या अर्जांवर स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे.

संमतीच्या प्रकरणात पैसे वाचवायला दोघं एकच वकील करतात. त्यात गैर काही नाही. पण अटींचा मसुदा तयार झाला की प्रत्येकाने तो आपापल्या दुसऱ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्यावा, एका बैठकीचे पैसे गेले तरी चालतील. फी ठरवताना स्पष्ट विचारा : दोन्ही मोशन, म्हणजे संमतीच्या अर्जावरच्या कोर्टातल्या दोन फेऱ्या, धरून की फक्त पहिलं? दर तारखेला वेगळे पैसे का? टायपिंग, नोटरी, सर्टिफाइड कॉपी यात आहे का? आणि मसुदा बहुधा इंग्रजीत असतो. ओळ न् ओळ मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, वकील कितीही घाईत असो.

कागद

लग्नाचा दाखला, लग्नपत्रिका, लग्नातला दोघांचा एक फोटो, दोघांची आधार कार्डं, पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट साइझ फोटो, मुलांचे जन्मदाखले. दाखला नसेल तर पत्रिका, फोटो आणि प्रतिज्ञापत्रावर काम भागतं. पैशाचा वाद असेल तर पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांची आयकर विवरणं, बँकेची पासबुकं, घराचं अ‍ॅग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांच्या प्रती आधीच काढून ठेवा. भांडण पेटल्यावर कपाटाची किल्ली हाती लागत नाही.

अटी : सगळा वेळ इथे द्या

संमतीच्या अर्जाला जोडायच्या अटींना कोर्टाच्या बोलीत 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात. तुमचं पुढचं आयुष्य या तीन-चार पानांवर चालणार असतं, आणि लोक नेमका याच कागदावर कंटाळा करतात.

*घर.* मुंबईत संसाराची सगळ्यात मोठी कमाई हीच, म्हणून आधी हिच्याकडे. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांचं, अशी स्थिती असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या : बँकेला तुमच्या अटींशी देणंघेणं नसतं. 'यापुढचे हप्ते नवरा भरेल' असं कोर्टात लिहून दिलं तरी हप्ता चुकला की बँक बायकोलाही फोन करते आणि सिबिल दोघांचाही बिघडतो. कर्जातून एकाचं नाव काढायचं तर दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारावर बँकेने नव्याने मंजुरी द्यावी लागते. ही चौकशी अर्जाच्या आधी करा. मंजुरी मिळत नसेल तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून, उरलेलं वाटून घेणं हाच व्यवहार्य मार्ग राहतो, मन कितीही गुंतलेलं असो.

नाव बदलायचं तर दस्त लागतो. नुसत्या अटींच्या कागदावर सोसायटी आणि निबंधक कार्यालय पुढे सरकत नाहीत. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत नवरा-बायकोला आहे. डिक्री झाली की तुम्ही कायद्याने एकमेकांचे कुणी नसता आणि सवलतही जाते, म्हणून असा दस्त शेवटच्या तारखेच्या आधी नोंदवतात. पण पैशाच्या बदल्यात घर देत असाल तर ते बक्षीस होत नाही, तिथे दस्त वेगळा आणि शुल्क पूर्ण. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आधी.

फ्लॅट नसलेल्यांच्या अडचणी वेगळ्या. पागडीच्या खोलीत भाडेपावती ज्याच्या नावावर, हक्क त्याचा. चाळ पुनर्विकासात असेल तर बिल्डरशी झालेल्या करारात कुणाचं नाव, ट्रान्झिटचं भाडं कुणाच्या खात्यात, नवी जागा कुणाला, हे सगळं अटींत यायला हवं. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतं आणि काही वर्षं विकता येत नाही. तेव्हा 'विकून वाटून घेऊ' असं लिहिण्याआधी बंदी कधी संपते ते बघा.

*मूल.* पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, असं १९५६ चा पालकत्व कायदा सांगतो. त्यापुढे कोर्ट एकच बघतं, मुलाचं हित. ताबा कुणाकडे हे ठरवायला जोडपी महिनोन्महिने घालवतात आणि भेटीचं कलम मात्र एका ओळीत उरकतात : 'वडील सोयीनुसार मुलाला भेटतील.' कुणाची सोय? पहिल्या तीन महिन्यांतच यावरून भांडण होतं. त्याऐवजी असं लिहा : पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ला वडील आईच्या इमारतीखालून मुलीला घेतील, रविवारी संध्याकाळी ६ ला तिथेच सोडतील. मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग आईकडे, दुसरा वडिलांकडे. गणपतीत दीड दिवस वडिलांच्या गावी, येण्याजाण्याचे दिवस धरून शाळा बुडणार नाही असं. दिवाळी आलटूनपालटून. परीक्षेच्या आठवड्यात भेट नाही, व्हिडिओ कॉल चालेल.

शाळेच्या रजिस्टरला पालक म्हणून दोघांची नावं, पासपोर्टच्या अर्जावर दोघांच्या सह्या, परदेशी नेण्याआधी लेखी संमती, आजारपणाचा मोठा खर्च कसा वाटायचा, कॉलेजची फी कोण भरणार, हेही लिहा. शाळेची फी आज जेवढी आहे तेवढी पुढे राहणार नाही, तेव्हा दरवर्षी वाढीचा टक्का घाला. 'मुलाचाही खर्च मागणार नाही' असं आईने लिहून दिलं तरी ते मुलाला बांधत नाही. तो हक्क मुलाचा आहे.

*पैसा.* एकरकमी की दरमहा? संमतीच्या प्रकरणात माझं मत एकरकमीच्या बाजूने आहे. दरमहाची पोटगी वर्षभर नीट येते, मग उशिरा, मग वसुलीचा अर्ज. शिवाय दरमहाची पोटगी उत्पन्नात धरली जाते, एकरकमी रक्कम भांडवली मानली जाते. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारूनच आकडा ठरवा. नवऱ्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळतोच, असं लोक छातीठोकपणे सांगतात. २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने २५ टक्के योग्य म्हटले होते, तो काही सगळ्यांना लागू असलेला दर नव्हे. आणि पोटगी फक्त बायकोच मागू शकते असंही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली कमाई नसलेला नवराही मागू शकतो.

पैसे कसे आणि कधी, हे रकमेइतकंच महत्त्वाचं. रूढ पद्धत अशी की काही रक्कम पहिल्या मोशनला आणि उरलेली दुसऱ्या मोशनला, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर. ड्राफ्टचा नंबर अटींत किंवा रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, येऊ द्या. रोखीने, 'बाहेर बघून घेऊ' म्हणून काही करू नका.

स्त्रीधन पोटगीत मिसळू नका. लग्नात बायकोला माहेरून आणि सासरहून मिळालेलं सोनं तिचंच आहे, ते परत देणं म्हणजे काही उपकार नव्हे. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, वजनासकट यादी करा, देवघेव झाली की दोघांच्या सह्या घ्या.

एकमेकांवर पोलीस तक्रारी असतील तर त्यांचं काय करायचं हेही अटींतच येतं. छळाचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, तक्रार मागे घेतली म्हणून आपोआप संपत नाही. हायकोर्टात अर्ज करून तो रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी कोण कधी हजर राहणार, तारखेसकट लिहा.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं

अर्ज दाखल होतो. बांद्र्याला संमतीच्या अर्जाला 'एफ' पिटिशन म्हणतात आणि लढतीच्या अर्जाला 'ए'. वकील फोनवर "तुमचं एफ लागलंय" म्हणाला तर दचकू नका. त्यानंतर विवाह समुपदेशकाची भेट. ही फक्त उपचार नसते, कायद्यानेच कोर्टाला समेटाचा प्रयत्न करायला सांगितलं आहे. समुपदेशक दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलतात, संमती मनापासून आहे का आणि अटी नीट कळल्या आहेत का ते बघतात. एखादं कलम खुपत असेल तर तिथेच बोला, न्यायाधीशांसमोर गेल्यावर जीभ टाळूला चिकटते.

पहिलं मोशन झालं की सहा महिने थांबायचं. अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दुसरं मोशन. सहा महिन्यांची ही थांबणूक माफ होऊ शकते, असं अमरदीप सिंग खटल्यात २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं. त्यासाठी पहिल्या मोशनच्या आधीच दीड वर्ष विभक्त झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं मिटलेलं हवं. शेवटची अट पुन्हा वाचा. अटी कच्च्या असतील तर माफीचा अर्जही कच्चाच.

दुसऱ्या मोशनला न्यायाधीश थोडेच प्रश्न विचारतात : स्वखुशीने घेताय ना? कुणाचा दबाव नाही? ठरलेली रक्कम मिळाली? उत्तरं सरळ द्या, कहाणी सांगू नका. दोघांपैकी एक परदेशात असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहायची परवानगी मागता येते. सुनावणी बंद दाराआड व्हावी असं कुणालाही वाटलं तर तसंही मागता येतं.

समोरचा तयार नसेल तर

मग कलम १३. कारण सिद्ध करावं लागतं : क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं वगैरे. 'आमचं जमत नाही' हे कायद्यात कारण नाही. लग्न कायमचं मोडलंय म्हणून घटस्फोट देण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये शिल्पा शैलेश खटल्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतःकडे मान्य केला, पण तो कौटुंबिक न्यायालयाला नाही.

समन्स, लेखी म्हणणं, अंतरिम पोटगीचा अर्ज, मुद्दे, पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, युक्तिवाद असा हा क्रम, आणि तो वर्षांच्या हिशेबाने चालतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या वादात दोघांनाही मिळकत आणि देणी शपथेवर जाहीर करावी लागतात, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. क्रूरतेचा आरोप असेल तर 'नेहमी त्रास द्यायचा' याला किंमत शून्य. कधी, कुठे, कुणासमोर, काय झालं ते लिहा. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. जोडीदाराचे गुपचूप रेकॉर्ड केलेले कॉल अशा खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये म्हटलं आहे. हे दोन्हीकडून लागू आहे, तेव्हा फोनवर बोलताना जपून.

लढत चालू असताना कुठल्याही टप्प्यावर तडजोड झाली तर तोच अर्ज संमतीत बदलता येतो. उलटतपासणीची तारीख जवळ आली की अनेकांना शहाणपण सुचतं.

डिक्री मिळाल्यावर

निकालाच्या आणि डिक्रीच्या सर्टिफाइड कॉपीसाठी लगेच अर्ज करा आणि दोन-तीन प्रती घ्या. पासपोर्ट ऑफिस, बँक, सोसायटी, सगळ्यांना दाखवावी लागते. संमतीच्या डिक्रीवर अपील नाही, त्यामुळे पुनर्विवाहाला थांबावं लागत नाही. लढून मिळालेल्या डिक्रीवर मात्र अपीलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या, आणि अपील झालं असेल तर त्याचा निकालही.

मग नॉमिनीच्या नोंदी बदलायचं काम, जे बहुतेक जण विसरतात. पीएफ, पीपीएफ, एलआयसी, म्युच्युअल फंड, डीमॅट, बँक लॉकर, सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म. जुन्या जोडीदाराचं नाव तिथे बसूनच असतं आणि डिक्रीने ते आपोआप निघत नाही. कंपनीच्या मेडिक्लेममधून जोडीदाराचं नाव निघतं, त्यामुळे ज्याचं कव्हर जाणार त्याने नवी पॉलिसी दुसऱ्या मोशनच्या आधीच सुरू करावी. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना थांबण्याचा काळ असतो. जॉइंट खातं बंद करा, त्याला जोडलेले हप्ते आणि वीजबिलाचे ऑटो पेमेंट आधी दुसरीकडे वळवून. रेशनकार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला शिधावाटप कार्यालयातून घ्या, नव्या कार्डासाठी तोच मागतात.